मोज्यातली चांदी

हॉस्टेलमध्ये कुठली रूम कुणाची हे पाटीवरून नाही, वासावरून कळतं. पावसाळ्यात तर विचारूच नका! गेल्या वर्षी रूमपार्टनरने मला निर्वाणीचा इशारा दिला, "एक तर तुझे मोजे राहतील, नाहीतर मी." म्हणून मी 'नॅनो सिल्व्हर'चे मोजे आणले. साध्या मोज्यांच्या तिप्पट किंमत; पण चार दिवस घातले तरी वास नाही. आळशी माणसाला आणखी काय पाहिजे?

त्याच सेमिस्टरला नॅनोटेक्नॉलॉजीचा चॅप्टर होता. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पदार्थाचे इतके बारीक कण केले की तेवढ्याच वजनात त्याचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो. चांदीच्या कणांतून आयन सुटतात आणि घामावर पोसणारे, वास करणारे जिवाणू मरतात. व्हायव्हाला मी हेच ठोकून दिलं, वर पायातले मोजेही दाखवले. एक्स्टर्नल हसले. मार्क बरे पडले.

दिवाळीत गावी गेल्यावर काकांपुढे हीच फुशारकी मारली. काकांचा ऊस नदीच्या पाण्यावर. ते म्हणाले, "म्हंजी जंतू मारायचं औषधच की! मग धुतल्यावर जातंय कुठं ते?"

मी गप्प. हा प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता.

"आमी फवारायला औषध आणतो, त्याच्या बाटलीवर किती घालायचं ते लिहिलेलं असतंय. तुझ्या पाकिटावर काय लिहिलंय?"

पाकिटावर चकचकीत अक्षरांत 'नॅनो' होतं. आकडा कुठेच नव्हता.

परत आल्यावर सबमिशन सोडून दुसऱ्या कामासाठी आयुष्यात पहिल्यांदा लायब्ररीत बसलो. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी २००८ साली बाजारातले असेच मोजे पाण्यात धुऊन पाहिले होते. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी थोड्याच धुण्यांत निघून गेली, काहींतली फारशी सुटली नाही. म्हणजे पाकिटावर नाव तेच, पण माल वेगळा.

उगाच घाबरवत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात बरीचशी चांदी गंधकाशी जोडली जाऊन गाळात बसते आणि तिचा विषारीपणा पुष्कळ कमी होतो. पण केंद्र असेल तर! आमच्या बाथरूमचं पाणी मागच्या नाल्यात जातं, नाला नदीला मिळतो. पुढचं सांगायला नकोच.

सरसकट 'नॅनो म्हणजे वाईट' असंही नाही. सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइडचे बारीक कण धडधाकट कातडीतून फारसे आत जात नाहीत. पण तेच कण फवाऱ्यातून श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर गोष्ट वेगळी. म्हणून पाकिटात काय आहे हे कळायला हवं. युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांच्या यादीत 'नॅनो' हा शब्द लिहावाच लागतो. मोज्यांवर तो नुसता मिरवायला असतो.

मित्रांनो, उद्या आपल्यातलेच कुणीतरी असल्या वस्तू बनवणार आहेत. 'हे चालतं कसं?' याचं उत्तर आपल्याला पाठ आहे. काकांच्या प्रश्नाचंही शोधून ठेवा.

सध्या मी साधे सुती मोजे रोज धुतो. रूमपार्टनर अजून टिकून आहे. नॅनोची जोडी मात्र ट्रंकेतच पडून आहे. फेकायला निघालो की काकांचा आवाज येतो, "जातंय कुठं ते?"