दोन चुकांची उंची

आमच्या घरात कुठलीही वस्तू विकत घ्यायची झाली, की तिची निवड आमची ही करते, पैसे मी देतो, आणि ती वस्तू बिघडली म्हणजे दोष चिरंजीवांचा असतो. ही वाटणी गेली कित्येक वर्षं सुरळीत चाललेली आहे. मिक्सर असाच आला, कपाट असंच आलं, शिलाईचं मशीनही असंच आलं. पण यंदाच्या पावसाळ्यात एका वस्तूनं ही सगळी घडी विसकटून टाकली. पंधरा दिवस आम्ही तिघंही तिच्यावरून वाद घालत होतो. ती वस्तू म्हणजे फोमचं, रेडिओच्या लहरींवर चालणारं आणि हवेत कोलांट्या मारणारं विमान!

तुम्ही म्हणाल, पंचेचाळिशीच्या मास्तराला हे काय सुचलं? हिनंही हेच विचारलं होतं. फक्त 'मास्तर' या शब्दाच्या जागी तिनं दुसरा शब्द वापरला होता.

पण त्यासाठी थोडं मागं जायला हवं. विटा हे आमचं गाव. इथली माणसं गलाईच्या धंद्यापायी, म्हणजे सोन्याचांदीची आटणी आणि शुद्धीकरण करण्याच्या कामापायी, देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगलेली आहेत. माझा एक वर्गमित्रही शाळा संपताच असाच कोइमतूरला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या मुलाला या विमानांचा नाद. दोन वर्षांपूर्वी जत्रेला आला तेव्हा त्यानं आपलं जुनं शिकाऊ विमान आमच्या चिरंजीवांच्या हाती दिलं आणि आठ दिवसांत उडवायलाही शिकवलं. पुढं रोज सकाळी गावाबाहेरच्या माळावर चिरंजीव विमान फिरवीत आणि मी, मान दुखेपर्यंत, वर बघत उभा राही.

मग या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला, आणि चिरंजीव भौतिकशास्त्रात राहिले.

तो रडला असता तर बरं झालं असतं. तो रडला नाही, बोललाही नाही. विमान कपाटावर चढलं आणि त्याच्यावर धूळ बसू लागली. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचा दिवस आला आणि गेला. "भरलास का?" असं मी विचारलं नाही, आणि का विचारलं नाही ते इथं सांगून टाकलं पाहिजे. आमच्याकडची म्हातारी माणसं दहावीला अजून मॅट्रिक म्हणतात. मी मॅट्रिक आहे. चित्रकलेच्या परीक्षांच्या जोरावर एका खासगी शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवतो. माझं शिक्षण का थांबलं असं कोणी विचारलं, की मी 'परिस्थिती' असा एकच शब्द उच्चारतो आणि उसासा टाकतो. माझ्या कादंबऱ्यांच्या नायकांनाही मी परिस्थितीपायीच शाळा सोडायला लावली आहे. खरी गोष्ट निराळी आहे. मी बारावीला नापास झालो होतो. वडील पुन्हा फीचे पैसे हातात घेऊन उभे होते. मीच बसलो नाही. पुन्हा पडलो तर काय, या भीतीनं बसलो नाही. असल्या बापानं मुलाला काय म्हणून विचारायचं?

जुलैत कोइमतूरहून मित्राचा फोन आला. बोलता बोलता त्याला सगळं सांगितलं, तर त्याच्या मुलानं फोन घेतला आणि म्हणाला, "काका, त्याला कसरतीचं विमान घेऊन द्या. शिकाऊवर तो आता काही शिकत नाही, नुसता फिरवतो." हे मी जेवताना सांगितलं, तेव्हा दोन महिन्यांत पहिल्यांदाच चिरंजीवांनी पानावरून मान वर केली आणि विचारलं, "कुठलं?"

त्या एका शब्दासाठी मी कुठलंही विमान घ्यायला तयार होतो. पण कुठलंही घेऊन भागत नाही.

शिकाऊ विमान हे मोठं मायाळू असतं. त्याचे पंख धडाच्या वर बसवलेले असतात आणि पंखांची टोकं किंचित वर उचललेली असतात. वाऱ्यानं ते एका अंगावर कललं, तर खाली गेलेला पंख आपोआप जास्त उचल घेतो आणि विमान सरळ होतं. उंचावर असताना घाबरून दोन्ही कांड्या सोडून दिल्यात, तरी बहुधा तेच तुम्हांला सावरतं. पण त्याला उलटं करून पाहा! आता तोच शहाणपणा आडवा येतो. उचललेली टोकं खाली लोंबू लागतात आणि विमान सुलटं व्हायला धडपडतं. शिवाय त्याचा पंख खालून सपाट असतो. तो उलटा झाला की नीट उचल देत नाही.

कसरतीच्या विमानाचा पंख सरळ, धडाच्या मधोमध, आणि त्याचा छेद वरखाली सारखाच फुगीर. त्यामुळे उलटं काय नि सुलटं काय, त्याला सारखंच. मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या मोठ्या, म्हणून हुकूम चटकन मानतं. मोटरीची ओढ वजनापेक्षा जास्त, म्हणून सरळ आभाळात चढतं. मात्र सावरणं त्याला ठाऊक नाही. जिथं ठेवाल तिथं ते राहतं. चुकीच्या ठिकाणी ठेवलंत, तर तिथंही राहतं!

माझी निवड पहिल्याच दिवशी झाली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती! रंगरेषा अशा, की चित्रकलेच्या मास्तराचं भान हरपावं. चिरंजीवांनी शांतपणे सांगितलं, "बाबा, याचे पंख टोकाला निमुळते आहेत. वेग कमी झाला की एक टोक आधी उचल सोडतं आणि विमान गिरकी घेऊन खाली येतं. हे शिकल्यावर घ्यायचं, शिकायला नाही." मग मी दीड मीटरच्या आसपास पंखांचं एक दांडगं विमान सुचवलं. मोठं विमान हवेत स्थिर असतं आणि लांबूनही नीट दिसतं, हे खरं. पण बॅटऱ्या महाग, आणि पडलं की वजनामुळे मारही मोठा. उलट सगळ्यांत स्वस्त होतं ते फोमच्या पातळ पत्र्यांचं, पाऊण मीटरचं. बंद सभागृहात ते सुरेख नाचतं म्हणे. पण आमच्या माळावरचा वारा त्याला पतंगासारखं घेऊन गेला असता.

राहिला प्रश्न फोमचा. इथं मी थोडा अधिकारानं बोलू लागलो. २०१८ साली महाराष्ट्रात बंदी येईपर्यंत गणपतीत थर्माकोलची मखरं करण्यात माझी हयात गेली होती. थर्माकोलला फेव्हिक्विक लागलं की ते विरघळतं, हे मी कितीतरी मखरं बिघडवून शिकलो होतो. पण विमानाचा फोम निराळा, आणि त्यातही जाती दोन. कोइमतूरच्या पोरानं दोन्हींचे मोडके तुकडे पाकिटात घालून पाठवले. एक ईपीओ: साच्यात ओतून केलेला, गुळगुळीत, देखणा. दुसरा ईपीपी: खरबरीत, मोटारीच्या बंपरच्या आत घालतात त्या जातीचा. आम्ही बापलेक ते तुकडे तोलून, निरखून, वाकवून पाहत बसलो होतो. ही भाजी चिरत होती. तिनं हात पुसले, दोन्ही तुकडे घेतले आणि आंगठ्यानं दाबले. देखण्या तुकड्यावर आंगठ्याचा खळगा तसाच राहिला. खरबरीत तुकडा हळूहळू फुगून पहिल्यासारखा झाला.

"पडणारच आहे ना ते?" ती म्हणाली. "मग हेच घ्या."

गलाईवाल्यांच्या गावात इतक्या थोड्या वेळात कस कोणी काढला नसेल! ईपीओच्या खळग्यावर गरम पाणी ओतलं की तो बराचसा भरून येतो, ही माहिती मी नंतर पुस्तकी बाण्यानं सांगितली. पण निकाल लागून गेला होता. ईपीपी लवचीक, म्हणून त्याच्यात ताठपणासाठी कार्बनच्या काड्या घालाव्या लागतात. दिसायलाही ते ओबडधोबड. घेतलं ते ईपीपीचंच. पंखांचा विस्तार सुमारे १ मीटर, बॅटरीसकट वजन साडेसहाशे ग्रॅम. पंखा आणि मोटरीखालची लाकडी बैठक सुटी मिळते की नाही, हेही विचारून घेतलं. पंखे मात्र हिच्या सांगण्यावरून सहा मागवले.

२०२१ च्या ड्रोन नियमांत वजनावरून वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो. ते नियम वाचून, सरकारी नकाशावर आपला माळ हिरव्या भागात आहे ना हे पाहून, आणि बॅटरी मागंपुढं सरकवून विमानाचा तोल अगदी बरोबर जागी आणून, सप्टेंबरातल्या एका वाराहीन सकाळी आम्ही माळावर गेलो. निघण्यापूर्वी फोनवरून शेवटचा सल्ला मिळाला होता. "काका, पट्ट्यांची हालचाल आधी कमी ठेवा. आणि दोन चुकांच्या उंचीवरच उडवा."

दोन चुकांची उंची म्हणजे इतकं उंच, की एक चूक करावी, ती सुधारताना घाबरून दुसरी करावी, आणि तरीही जमीन लागू नये. विमान उडवणाऱ्यांचा हा जुना नियम आहे. मला तो ऐकून नवल वाटलं. मी वीस-बावीस वर्षं शिकवतो आहे. पण मुलाकडून चूक होणार, आणि ती सुधारताना आणखी एक होणार, असा हिशेब आधीच मांडून जागा सोडलेला एकही धडा मी पाहिलेला नाही.

चिरंजीवांनी विमान उंच नेलं, एक रिंगण घेतलं, एक लोळण घेतली, आणि ते उलटं केलं. उलट्या विमानाचं नाक खाली झुकू लागतं, आणि ते वर उचलायचं तर कांडी पुढं ढकलावी लागते. सुलट्याच्या अगदी उलट. त्याला हे पाठ होतं. पण हाताला पाठ नव्हतं. हातानं कांडी मागं ओढली आणि विमान जमिनीकडं वळलं. ही पहिली चूक. घाबरून त्यानं मोटरीचा वेग वाढवला. ही दुसरी. उंची दोन चुकांची होती. त्यानं तिसरीही केली.

धप्प असा आवाज झाला. मी धावलो नाही. मला त्याचा चेहरा बघायचा नव्हता. तोच सावकाश चालत गेला, आणि गवतातून ते धूड उचलून माझ्याकडं बघत ओरडला, "बाबा, पंखाच तुटलाय फक्त!" नाक चेपलं होतं, तेही हळूहळू भरून येत होतं. पंखा बदलला, निघालेली बैठक चिकटवली, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहिलं आणि तरीही दुसरी घातली. विमान पुन्हा वर गेलं.

कसरतींच्या इतिहासात पहिलं रिंगण घेतलं ते प्योत्र नेस्तेरोव्ह या रशियन लष्करी वैमानिकानं, १९१३ साली, कीव्ह शहरावर. विमान शाबूत उतरलं, तरी सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून वरिष्ठांनी त्याला अटकेची शिक्षा दिली. गौरव मागाहून झाला. त्या सकाळी आमच्या घरची मालमत्ता सात वेळा पडली. सातव्या खेपेनंतर ती उलटीच, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका रेषेत गेली. मी टाळी वाजवली नाही. हातातल्या मोडक्या पंख्यांमुळे वाजवता येत नव्हती.

"आता तुम्ही," म्हणून चिरंजीवांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी नको म्हटलं. मग आठवलं, असंच एकदा फीचे पैसे पुढं धरलेल्या माणसालाही मी नको म्हटलं होतं. रिमोट घेतला. विमान उंच नेलं, चांगलं चार चुकांच्या उंचीवर, आणि उलटं केलं. छाती धडधडत होती. "ढकला बाबा, ढकला!" मागून आवाज आला. मी ढकललं. तीन सेकंद, फार तर चार, ते उलटं राहिलं.

घरी गेल्यावर हिनं पहिला प्रश्न विचारला, "किती वेळा पडलं?" "आठ," मी म्हणालो. आठवा माझा होता.

दसऱ्यानंतरची गोष्ट. जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, फेब्रुवारीच्या परीक्षेचा फॉर्म भरतोय. फोटो काढायला पैसे द्या." मी दिले. हिनं त्याच्या पानात भात जरा जास्तच वाढला. आणखी कोणी काही बोललं नाही.

आता थोडंसं माझं. खासगी विद्यार्थी म्हणून या वयात बारावीला पुन्हा बसता येईल का, याची चौकशी मी परवा शाळेत कोणाला कळू न देता करून आलो. भौतिकशास्त्राचं पुस्तक घरात आहेच. हिला अजून सांगितलेलं नाही. आमच्या घरात दिवाळी अंक पहिल्यांदा तीच उघडते, तेव्हा तिला कळेलच.