काकांचे दहा मार्क

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे माणूस जिथे जन्माला येतो किंवा अपेंडिक्स ठेवून येतो ती जागा. अमेरिकेत मात्र म्हातारी माणसे नर्सिंग होममध्ये महिनोन्‌महिने राहतात, आणि घरी सोडताना त्यांना कपडे कितपत घालता येतात याचे मार्क मांडतात. वरच्या अर्ध्या अंगाचे वेगळे, खालच्या अर्ध्याचे वेगळे, पायताणांचे आणखी वेगळे. प्रत्येकी एक ते सहा. मी यावर मनसोक्त हसलो असतो, पण आमचे दौंडचे काका शिरूरच्या एका नर्सिंग होममध्ये असल्याच परीक्षेला बसले.

काका रेल्वेत गार्ड होते. अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू लुळी पडली, म्हणून आम्ही त्यांना आमच्याजवळ शिरूरला आणले. त्यांचे खरे दुखणे निराळेच होते. "ज्या गावात गाडी येत नाही, तिथं माणूस बरा कसा होणार?" असे ते घोड नदीकडे बघत विचारत. मनमाडचा फाटा जिथून फुटतो त्या जंक्शनच्या माणसाला शिरूर हे गाव वाटत नाही, थांबा वाटतो.

व्यायाम शिकवायला एक चुणचुणीत मुलगी येई. "आजोबा, घालताना दुबळा हात आधी बाहीत. काढताना तो शेवटी."

"म्हणजे शंटिंगच की! सिक डबा आधी आत, बाहेर मात्र सगळ्यात शेवटी," काका म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी सदरा जमला.

तिच्याकडे बार्थेल तक्ता होता. मेरीलँडमधल्या महोनी आणि बार्थेल या दोन बायकांनी तो १९६५ साली छापला. एकूण शंभर मार्क. त्यात कपड्यांना दहा. अर्ध्याहून जास्त दुसऱ्याने केले तर शून्य. निम्मे तरी स्वतः, तेही बऱ्यापैकी वेळात केले, तर पाच. सगळे स्वतः केले तर दहा, आणि त्यात बुटांची नाडीसुद्धा आली. त्याआधी दोन वर्षे, १९६३ साली, क्लीव्हलंडच्या कॅट्झ डॉक्टरांनी आपल्या यादीतून नाडी माफ केली होती. धोतराबद्दल दोघेही गप्प. निऱ्या आणि कासोटा मेरीलँडला पोचले नसावेत.

इलॅस्टिकच्या पायजम्यात काका सहज पास झाले असते. सोय म्हणून कपडे बदलायला तक्त्याची हरकत नाही. हरकत काकांची होती. "दौंडात मला पायजम्यात कुणी पाहिलेलं नाही!"

शिवाय डाव मोठा होता. चुलतभावाने सरळ सांगितले होते, दहा पडले तर दौंडचे घर, पाच पडले तर पिंपरीचा चौथा मजला. काकू स्वतः गुडघ्यांनी बेजार. रोज धोतर नेसवणे त्यांना झेपणार नव्हते. त्यांना मात्र ते कबूल नव्हते. काकांचा हात बाहीशी अडखळला की काकूंचा हात आपोआप पुढे जाई.

"आजी, तुम्ही हात लावलात की आजोबांचे पाच," मुलगी म्हणाली. "त्यांना काय येतं ते लिहायचं नाही, ते स्वतः काय करतात ते लिहायचं."

हा नियम करणाऱ्यांनी मराठी बायको पाहिलेली नसणार. आमच्या घरात या हिशेबाने धडधाकट पुरुषांनाही दहा पडायचे नाहीत. मला स्वतःला रुमाल कुठे असतो ते ठाऊक नाही.

"बावन्न वर्षं यांच्या हातात टोपी मी देतेय," काकू म्हणाल्या. "ते मार्क कुणाच्या नावावर?"

शेवटी त्यांना व्हरांड्यात बसवले. काकांनी कॉटच्या कडेवर बसून निऱ्या एका हाताने मांडीवर घातल्या, हनुवटीखाली धरल्या, खोचल्या. मग भिंतीला खांदा टेकून उभे राहिले. कासोट्याने दोनदा दगा दिला. मदतीला धावावेसे वाटत होते; मी दोन्ही हात खिशात घालून बसलो. बावीस मिनिटांनी तिसरा प्रयत्न बसला.

"वेळ जरा जास्त लागला, आजोबा."

"लेट झाली म्हणून गाडी रद्द होत नाही, पोरी."

तिने पेन उघडले, तेवढ्यात काकू आत आल्या. नवऱ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि सवयीने एक सुटलेली निरी खोचून टाकली. पेन थांबले.

"लिहा, लिहा," काका म्हणाले. "गाडी सुटून गेलीय. मागून लावलेला डबा धरत नाहीत."