पुसून टाकणे

माझा जुना संगणक इस्लापूरला दादांच्या नातवाला द्यायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. वाटणीच्या वेळी दादांना लिहिलेलं, न पाठवलेलं पत्र त्यात होतं. भाषा म्हणजे पावसाळ्यातलं सहस्रकुंड! पुसलं, कचरापेटीही रिकामी केली. नातू म्हणाला, "आजोबा, यादीतलं नाव गेलं फक्त. वर दुसरं काही गिरवेपर्यंत मजकूर तिथंच असतो. काढून दाखवू?"

"नको!" मी ओरडलो.

पीटर गटमन यांनी १९९६ साली पस्तीसदा गिरवायची रीत मांडली होती. माझ्या हार्डडिस्कला म्हणे एकदा पुरे. नातवानं डिस्कभर शून्यं गिरवली.

"काय होतं रे एवढं?" दादांनी बशीतला चहा फुंकत विचारलं.

"दुधाचे हिशेब."

पत्र गेलं. मला मात्र ते अजून तोंडपाठ आहे.