संगणक अडखळतोय? आधी 'इंटरप्ट' बघा



विंडोज एक्सपीचा जुना संगणक फाईल कॉपी करताना अडखळतो, माउससुद्धा अडकतो. लगेच भंगारात काढू नका. 'प्रोसेस एक्सप्लोरर'मध्ये 'हार्डवेअर इंटरप्ट्स' ही ओळ पाहा. तो आकडा फार वाढला असेल तर डिस्कचा चॅनल तपासा.

मुलांना कसं समजवाल? शिरूर गावात रेल्वे नाही, पण दौंड जंक्शन सगळ्यांना ठाऊक. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी जंक्शनात शिरली, की इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. कॉर्ड लाइनवरून ती थेट निघते. 'डीएमए' म्हणजे ही कॉर्ड लाइन. डिस्कवरची माहिती थेट मेमरीत जाते. 'पीआयओ'मध्ये प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः वाहावा लागतो. डिस्कशी बोलताना सहा चुका झाल्या, की एक्सपी आपणहून पीआयओवर उतरतो.

काय करायचं?

१. आधी निकालपत्रकं पेनड्राइव्हवर घ्या. डिस्क मरायला टेकलेली असू शकते.
२. संगणक बंद करून डिस्कची केबल बदला.
३. डिव्हाइस मॅनेजरमधून 'प्रायमरी आयडीई चॅनल' अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा. ड्रायव्हर आपोआप बसतो.

पुन्हा तेच झालं, तर डिस्क बदला. संगणक नव्हे!