बेगमसाहिबा, येऊ का आत?

पुण्यात वाढलेल्या माणसाला भुताची भीती घालणं म्हणजे इंदूरच्या माणसाला पोहे खिलवण्यातला प्रकार. शनिवारवाड्यातलं 'काका, मला वाचवा' आम्ही वरणभाताच्या वयात ऐकलेलं असतं. नारायणराव पेशव्यांचा खून झाला 1773 मध्ये, पण त्यांची हाक स्वतःच्या कानांनी ऐकलेला 'माझ्या मित्राचा मामा' आजही प्रत्येक पेठेत एक तरी सापडतोच! त्यामुळे गुरप्रीतचा दिल्लीहून फोन आला, "येताय ना सगळे, मग शनिवारी घोस्ट वॉकचं बुकिंग करते," तेव्हा अमेयने एकच शंका काढली, "ठीक आहे, पण नंतर जेवायला कुठे?"

गुरप्रीत, अमेय, सायली आणि मी. मास कॉमच्या बॅचमधली ही चौकडी. गुरप्रीत पुण्यात फक्त दोन वर्षं राहिली, पण तेवढ्यात अस्सल मराठी शिव्या आणि मिसळीवर मत द्यायचा अधिकार, दोन्ही कमावून दिल्लीला परतली.

दिल्लीत भुतांना तोटा नाही. सात वेळा वसलं आणि तितक्याच वेळा उजाड झालं, असं म्हणतात त्या शहरात असणार कशी! फिरोजशाह कोटल्यात तर दर गुरुवारी लोक जिन्नांना चक्क लेखी अर्ज देतात. नोकरी, लग्न, घरातली भांडणं, सगळ्यांसाठी. काहीजण अर्जाला फोटो जोडतात, पत्ता लिहितात, झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवतात. जिन्नाचंसुद्धा सरकारी ऑफिस करून टाकणारं हे शहर आपल्याला तर जाम आवडलं. दिल्ली पर्यटन खात्याने 2023 मध्ये रीतसर 'हॉन्टेड वॉक' सुरू केले आणि सुरुवातीलाच निवडला तो मालचा महाल. आमचीही वारी तिकडेच होती.

सरदार पटेल मार्ग म्हणजे दिल्लीचा एकदम पॉश रस्ता. चाणक्यपुरीतल्या वकिलाती जवळच, मोठी हॉटेलं, लाल दिव्याला थांबलेल्या लांबलचक गाड्या. तिथून एका फाट्याला वळलात की दोन मिनिटांत शहर संपतं. खरंच संपतं! हॉर्नचा आवाज मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना रिजचं जंगल सुरू होतं. अरवलीच्या डोंगररांगेचं हे शेपूट. झाडं बघून सायली म्हणाली, "अगं, ही तर आपली वेडी बाभूळ!" बरोबर होतं तिचं. इकडे तिला 'विलायती कीकर' म्हणतात. मूळची मेक्सिकोकडची, इंग्रजांनी दिल्लीत आणली आणि मग स्थानिक झाडांना तिने जागाच ठेवली नाही. नाव लक्षात ठेवा, विलायती. पुढे लागणार आहे.

आमचा गाइड तिशीतला, लोकरीची टोपी घातलेला, शांत बोलणारा. आम्ही पंधरा-सोळा जण. एक नवं लग्न झालेलं जोडपं, आयटीतले काही जण आणि रील बनवायला आलेली तीन मुलं, ज्यांचा ट्रायपॉड आमच्याहून उंच होता. फेब्रुवारीतली संध्याकाळ. साडेपाचला निघालो तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं. पहिली काही मिनिटं माकडं मोजण्यात आणि अमेयच्या फालतू जोक्समध्ये गेली. मग ऊन गेलं आणि अमेयपण गप्प झाला. पायाखालच्या पाचोळ्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे शहरात राहून कळत नाही.

महाल म्हणजे डोळ्यांसमोर जे येतं, ते इथे काहीच नाही. ही चौदाव्या शतकातली शिकारखान्याची दगडी इमारत, फिरोजशाह तुघलकाच्या काळातली. कमानी, काळोख्या खोल्या, वर जायला जिना. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, वीज नाही, नळ नाही. आणि इथे 1985 पासून पुढची तीसेक वर्षं एक कुटुंब राहिलं. पायऱ्यांवर आम्हाला बसवून गाइडने गोष्ट सांगितली आणि मला कबूल केलं पाहिजे, कुठल्याही हॉरर सिनेमाच्या तोंडात मारेल अशी ती आहे.

सत्तरच्या दशकात एक दिवस नवी दिल्ली स्टेशनवर एक बाई उतरली. उंच, करारी, अंगावर रेशमी साडी. बरोबर मुलगा, मुलगी, नोकरचाकर, कुत्रे आणि गालिचे. नाव बेगम विलायत महल. म्हणणं असं, की मी अवधच्या नवाबांची वारस. इंग्रजांनी 1856 मध्ये वाजिद अली शाहना गादीवरून काढून आमचं जे जे घेतलं ते परत द्या, तोपर्यंत हलणार नाही. आणि हलली नाही! स्टेशनच्या व्हीआयपी वेटिंग रूममध्ये जवळजवळ दहा वर्षं ठाण मांडलं. कुणाशी थेट बोलायचं नाही. निरोप द्यायचा तो जाड कागदावर लिहून, चांदीच्या तबकातून. उठवायला कुणी आलं तर सापाचं विष पिईन अशी धमकी. परदेशी पत्रकारांची रीघ लागली. कोलकात्यात असलेले नवाबाचे वंशज सांगत राहिले, की ही आमची कुणी नव्हे. त्यांचं ऐकतो कोण? वंशज साधे होते आणि ही बाई राणीसारखी दिसायची. शेवटी इंदिरा गांधींच्या सरकारने 1984 मध्ये मान तुकवली आणि हा महाल देऊ केला.

मग या जंगलात बेगम, शहजादी सकीना, शहजादा सायरस आणि डझनभर कुत्रे. बाहेर पाटी, आत पाऊल टाकाल तर गोळी घालू. 1993 मध्ये बेगमने जीव दिला. हिऱ्यांचा चुरा गिळला, असं मुलं सांगत. मुलांनी कित्येक दिवस तिचा देह जवळ ठेवला म्हणतात. पुढे सकीना गेली आणि 2017 मध्ये सायरसही गेला, एकटाच. त्यानंतर महाल लुटला गेला, आणि झाली भुताची गोष्ट तयार. काळ्या साडीतली बाई दिसते, कुत्रे भुंकतात, चांदीचं तबक वाजतं... हे सगळं गाइडने हसतहसत सांगितलं आणि आम्हाला आत नेलं.

आत खरंच गार होतं. सायलीने माझा दंड घट्ट धरला. भिंतींवर खडूने, कोळशाने लिहिलेली नावं, बाण घुसलेले बदाम. प्रेमी युगुलं भुताला भीत नाहीत, हे शनिवारवाड्यापासून इथपर्यंत सारखंच! तेवढ्यात रीलवाल्यांपैकी एकाने ट्रायपॉड लावला आणि जोरात हाक घातली, "बेगमसाहिबाऽऽ, दर्शन दो!" कमानींतून आवाज फिरून आला. सगळे हसले. अमेयसुद्धा.

गुरप्रीत हसली नाही. तिने गाइडला विचारलं, "भैया, असली वाली कहानी नहीं सुनाएंगे?"

गाइडने तिच्याकडे बघितलं आणि टॉर्च बंद केला. मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली, ती 2019 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या एलन बॅरी यांनी शोधून काढलेली. सायरसच्या मृत्यूनंतर बॅरींनी महालात उरलेले कागद बघितले. त्यात वेस्टर्न युनियनच्या पावत्या होत्या. शहजाद्याला पैसे कोण पाठवतंय? माग काढत त्या पोचल्या इंग्लंडात, ब्रॅडफर्डला. तिथे सायरसचा थोरला भाऊ राहत होता, लोखंडाच्या कारखान्यातून रिटायर झालेला साधा माणूस. त्याच्या लेखी सायरस म्हणजे मिकी. मिकी बट. राजघराणं वगैरे काही नाही. वडील लखनऊ विद्यापीठात रजिस्ट्रार. फाळणी झाली आणि नवऱ्याने पाकिस्तानात जायचं ठरवलं. विलायतला जायचं नव्हतं. घर गेलं, लखनऊ गेलं, आणि ते तिच्या डोक्यातून कधी निघालंच नाही. पाकिस्तानात तिने पंतप्रधान मोहम्मद अली बोगरांच्या कानाखाली वाजवली. त्यापायी तिला लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात सहा महिने डांबलं. नवरा वारल्यावर ती मुलांना घेऊन भारतात परतली, आणि आपलं गेलेलं घर मागायला लागली. फक्त आता त्या घराचं राज्य झालं होतं.

कुणीच काही बोललं नाही. रीलवाला मुलगा ट्रायपॉडचे पाय मिटत होता, त्याचा तेवढा खटखट आवाज.

जिन्याने गच्चीवर गेलो. खाली वेड्या बाभळींचा काळा समुद्र, लांब शहराचे दिवे. तिथे गुरप्रीत आमच्याशी मराठीत बोलायला लागली, म्हणजे बाकीच्यांना कळू नये म्हणून. "माझी दादी पण असंच करायची रे." दादी लायलपूरची. त्याला आता फैसलाबाद म्हणतात. 1947 मध्ये अंगावरच्या कपड्यांनिशी दिल्लीत आली, आधी तंबूत, मग लाजपत नगरच्या निर्वासितांच्या क्वार्टरमध्ये. आयुष्यभर सांगायची, लायलपूरला आमची हवेली होती. गुरप्रीत लहान असताना हवेलीला बारा खोल्या होत्या. ती दहावीला गेली तेव्हा वीस. कॉलेजात असताना चाळीस! घरात सगळे हसायचे, दादीची हवेली दिवाळीला एक खोली वाढते म्हणून. मग तिचे चाचा जत्थ्याबरोबर नानकानासाहिबला गेले आणि कशीबशी वाट वाकडी करून त्या गल्लीत पोचले. दोन खोल्या आणि म्हशीचा गोठा.

"मग दादीला सांगितलं?" सायलीने विचारलं.

"दादी दारातच बसलेली. म्हणाली, कितने कमरे हैं? चाचा म्हणाले, गिनते गिनते थक गया, बीजी."

अमेय काहीतरी बोलणार होता, पण त्याने फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला राहून राहून एकच वाटत होतं. दादीला दारात विचारणारा आणि उत्तर देणारा मुलगा होता. विलायतच्या मुलांनी आईच्या राज्यात स्वतःची नावंसुद्धा बदलून घेतली आणि तिथेच म्हातारी झाली.

उतरताना गाइडने आणखी एक सांगितलं, अगदी जाताजाता. जिच्या नावाने महाल, ती मालचा नावाची वस्ती इथेच होती. 1911 च्या दरबारानंतर नव्या राजधानीसाठी जमिनी घेतल्या, शेतकरी पांगले. बरेचसे हरियाणात गेले. आता नाव उरलंय ते चाणक्यपुरीतल्या श्रीमंत मालचा मार्गाला. त्या गावकऱ्यांचं भूत कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. रेशमी साडी आणि तबक नसेल तर भूतसुद्धा व्हायला मिळत नाही बहुतेक!

जेवायला लाजपत नगरलाच गेलो, गुरप्रीतच्या हट्टाने. छोले-भटुरे फर्मास. शपथेवर सांगते, तीन ग्लास लस्सी प्यायल्यावर अमेयने पुन्हा जोक्स सुरू केले.

तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबर ते मार्च गाठा. उन्हाळ्यात रिजचं जंगल भुताआधी उन्हानेच तुम्हाला झपाटेल. बूट बंद घाला, बाभळीचे काटे चपलेचा तळ फोडून वर येतात. खाऊचं पाकीट हातात ठेवू नका, माकडं पेशव्यांपेक्षा शूर आहेत. एकट्याने, स्वतःच्या जिवावर तर अजिबात जाऊ नका. जंगल खरं आहे आणि दिवे नाहीत. गाइड बरोबर असला की त्याला दुसरी गोष्ट आवर्जून विचारा. आणि उतरायचं ते मेन रोडवरच. आमच्या रिक्षावाल्याने जंगलात यायला साफ नकार दिला. "भूत की वजह से?" सायलीने मोठ्या आशेने विचारलं. "नहीं मॅडम," तो म्हणाला, "वहाँ से वापसी की सवारी नहीं मिलती."