दिवा का जळतोय?

२००६च्या सुमारास आमच्या गावी भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असायचं, पण वीज ते पाळायचीच असं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी, ५१२ एमबी रॅम. यूपीएसची बॅटरी थकलेली. वीज गेली की बाबा वाचनालयाच्या हिशेबाची फाइल सेव्ह करून लगेच शट डाउन करायचे. तरी ‘विंडोज इज शटिंग डाउन’ हा संदेश पडद्यावर तसाच, आणि कितीदा तरी बॅटरीच आधी मान टाकायची. मग पुढच्या वेळी डिस्क तपासणीचा निळा पडदा. त्या फाइलीत गावातल्या माणसांची वर्गणी होती, म्हणून मला त्याची फार धास्ती वाटे.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे रेजिस्ट्रीतली मुदत कमी करणं. बंद होण्यासाठी एक्सपी सर्व्हिसना २०,००० मिलिसेकंद, म्हणजे २० सेकंद देते. ती एका सेकंदावर आणा म्हणायचे. मला ते अजिबात पटेना. जी सर्व्हिस पटकन आवरते, तिला या मुदतीची गरजच पडत नाही. जी डिस्कवर काही लिहीत असते, तिलाच आपण अर्ध्यावर तोडतो.

म्हणून मी नुसतं बघत बसलो. ‘सेव्हिंग युवर सेटिंग्ज’ झटकन जायचं. शेवटच्या संदेशावर मात्र हार्ड डिस्कचा दिवा सलग जळत राहायचा. कॉम्प्युटर नुसता कुणाची वाट बघत असता तर दिवा शांत असता. इथे काहीतरी लिहिलं जात होतं.

ते रेजिस्ट्रीत सापडलं. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची पेजफाइल वापरते. आमची ७६८ एमबीची होती. ‘क्लिअर पेजफाइल अ‍ॅट शटडाउन’ची किंमत कुणीतरी १ करून ठेवली होती, त्यामुळे दर वेळी बंद होताना त्या फाइलवर शून्यं लिहिली जायची. कचेरीतल्या, अनेकांच्या हाताखालच्या कॉम्प्युटरवर हे योग्यच; पासवर्डचे, कागदपत्रांचे अवशेष तिथे राहू शकतात. आमच्या घरी त्यापेक्षा हिशेब सुखरूप राहणं मोलाचं होतं. मी १चं ० केलं, एकदा रीस्टार्ट केला. त्यानंतर कॉम्प्युटर बॅटरी संपायच्या आत बंद होऊ लागला.

आताच्या विंडोजमध्ये सर्व्हिसची मुदत मुळातच ५ सेकंदांची असते, आणि बंद होताना कोणी खोळंबा केला याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सापडते. कुणी मदतीला बोलावलं की मी आधी ती नोंद उघडतो.