हुशार साहेब आणि न विचारलेलं नागपूर

इतिहासाचा विषय निघाला की आपण नागपूरकर लॉर्ड डलहौसीला एका वाक्यात निकालात काढतो : "त्याने भोसल्यांचं राज्य खालसा केलं." खरंच आहे. पण मित्रांनो, हा माणूस होता कोण तेही बघा.

जेम्स रॅमसे. स्कॉटलंडच्या उमराव घराण्यातला, ऑक्सफर्डला शिकलेला. वडील हिंदुस्थानात सरसेनापती राहून गेलेले. पंतप्रधान पील यांच्या सरकारात याने व्यापार खातं सांभाळलं, रेल्वेचा कारभार तिथेच शिकला. १८४८ साली, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, गव्हर्नर जनरल! माणूस प्रचंड कामसू. रेल्वे, तारायंत्र, अर्ध्या आण्याचं पोस्टाचं तिकीट, सगळं त्याच्याच कारकिर्दीत आलं.

आता आपल्या गावाकडे या. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी भोसले वारले. मुलगा नाही, दत्तकही घेतलेला नाही. दीड महिना झाला आणि २८ जानेवारी १८५४ ला डलहौसीचं टिपण तयार : राज्य कंपनीच्या ताब्यात घ्यायचं. त्याच्या हिशेबात आपला कापूसही होता. इंग्लंडच्या गिरण्यांना तो हवाच होता ना! कौन्सिलातल्या कर्नल लो यांनी विरोध नोंदवला, तरी फाईल पुढे सरकली. बांकाबाई आणि राण्यांनी दाद मागितली, उपयोग शून्य. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले. जडजवाहीर विकायला कलकत्त्याला गेलं.

१८५६ ला साहेब खंगलेल्या तब्येतीने मायदेशी परतले, १८६० ला ४८ व्या वर्षी वारले. १८६७ ला रेल्वे नागपुरात पोचली. पुढे कापसाच्या गाठी तिच्यातूनच मुंबई बंदराकडे निघाल्या.

रेल्वे आपल्याही कामी आली, हे नाकारायचं कारण नाही. भोसल्यांच्या राज्यात सगळं गोडच होतं, असंही माझं म्हणणं नाही. मुद्दा एवढाच, की इथल्या माणसांचं नशीब ठरवणाऱ्या त्या टिपणासाठी इथल्या एकाही माणसाला विचारलं गेलं नाही.

आजही आपण कौतुकाने म्हणतो, "साहेब फार हुशार, झटपट निर्णय घेतात." घेऊ द्या. पण रस्ता असो, खाण असो की बाजार समिती, टाळ्या वाजवण्याआधी एक विचारत चला : ज्यांची जमीन जाणार, त्यांना कोणी विचारलं काय?

तुमच्या भागात असा न विचारता झालेला निर्णय कोणता? कमेंटमध्ये लिहा.